दवाखान्याच्या समितीत तुमच्या बाजूने कोण बसतं?

एरवी मी इथे बीपी, शुगर, दमा, अ‍ॅसिडिटी अशा विषयांवर लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. पण तुमच्या तब्येतीशी त्याचा संबंध रोजच्या गोळीइतकाच जवळचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा अशी विनंती.

आधी एक साधा प्रश्न. तुमच्या भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय जी समिती पाहते, त्या समितीत रुग्णांच्या वतीने कोण बसतं, हे तुम्हाला सांगता येईल का?

माझ्याकडे येणाऱ्या पेशंटना मी हा प्रश्न अधूनमधून विचारतो. सोसायटीचा चेअरमन, दूध डेअरीचा सचिव, कारखान्याचा गटातला संचालक ही नावं सातारा-सांगलीकडच्या माणसाला झोपेतून उठवून विचारलीत तरी पाठ असतात. दवाखान्याच्या समितीचं नाव काढलं की बहुतेक जण विचारतात, "अशी समिती असते होय डॉक्टर?"

असते. एक नव्हे, अनेक असतात.

कोणकोणत्या समित्या?

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि लोकांनी आरोग्यसेवेच्या कारभारात भाग घ्यावा ही गोष्ट कागदावर स्पष्टपणे आली. गाव पातळीवर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. पंचायतीचे सदस्य, आशाताई, अंगणवाडीताई, नर्सताई आणि गावातली माणसं तिच्यात असतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की निम्म्या तरी महिला असाव्यात, आणि प्रत्येक वाडी-वस्तीचं व मागास समाजाचं माणूस समितीत असावं. गावाच्या आरोग्यासाठी वर्षाला साधारण १०,००० रुपयांचा निधीही या समितीच्या हाती ठेवला गेला.

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथे रुग्ण कल्याण समिती असते. तिची मूळ कल्पना १९९० च्या दशकात इंदूरच्या सरकारी रुग्णालयातून पुढे आली. उपकेंद्रांची जी आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, तिथे जन आरोग्य समिती असते. क्षयरोगासाठी जिल्ह्याचा टीबी फोरम असतो, त्यात टीबीतून बऱ्या झालेल्या लोकांना जागा ठेवलेली आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालीही सल्लागार समिती असते. तिच्याविषयी पुढे लिहितोच.

थोडक्यात, तुमच्यासाठी खुर्ची मांडलेली आहे. तिच्यावर कोण बसलंय आणि बसून काय करतंय, हा खरा प्रश्न आहे.

कमान, रंग आणि बीपीची गोळी

काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण रुग्णालयाच्या समितीच्या बैठकांना मला खासगी डॉक्टर म्हणून बोलावलं जायचं. पहिल्या काही बैठकांत चर्चा कशावर झाली? प्रवेशद्वाराच्या कमानीवर, कंपाउंडच्या रंगावर आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर. रुग्णांचे प्रतिनिधी म्हणून जे गृहस्थ होते ते सज्जन होते, गावात त्यांना मान होता. पण त्यांच्या घरातलं कुणी कधी त्या दवाखान्यात केसपेपर काढायला रांगेत उभं राहिलेलं नव्हतं. त्यामुळे रांगेत काय होतं हे त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

पुढे बचत गटाच्या एक ताई समितीत आल्या. त्या स्वतः बीपीच्या पेशंट, गोळ्या त्याच दवाखान्यातून घेणाऱ्या. दोन बैठका त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या बैठकीत त्यांनी एकच गोष्ट विचारली. "साहेब, गोळ्या आठवड्याच्याच का देता? दर आठवड्याला यायचं म्हटलं की आमचा रोज बुडतो. मग बायका एक आठवडा येतात, एक आठवडा येत नाहीत."

खोलीत आम्ही तीन डॉक्टर होतो. बीपीचं औषध मध्येच सोडलं की काय होतं हे आम्हा तिघांनाही पुस्तकासकट माहीत होतं. पण आमच्या दवाखान्यातली बाई औषध नेमकं का सोडते, हे त्या खोलीत फक्त ताईंना ठाऊक होतं.

हा मुद्दा जरा समजून घ्या. बीपी वाढलेलं असताना बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. गोळी चालू आहे तोवर बीपी ताब्यात राहतं, बंद केली की काही दिवसांत ते पुन्हा वर जातं, तेही गुपचूप. महिन्यातले दोन आठवडे गोळी आणि दोन आठवडे नाही, असं वर्षानुवर्षं चाललं तर मेंदूच्या, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवर ताण पडत राहतो. मग एके दिवशी शेतात भांगलताना अर्धांगाचा झटका येतो आणि घरचे म्हणतात, "काल तर चांगली होती." गोळी काही रुपयांची असते, पण ती न मिळाल्याची किंमत अख्खं घर भरतं.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी साठा आणि नोंदींची अडचण सांगितली, ती खरीच होती. शेवटी असं ठरलं की ज्यांचं बीपी स्थिर आहे त्यांना एका वेळी जास्त दिवसांच्या गोळ्या द्यायच्या आणि साठ्याची मागणी त्या हिशेबाने करायची. पुढे उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम आला. २०१७ मध्ये तो मोजक्या राज्यांत सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता. महिन्याभराची औषधं एकदम द्यायची आणि ती घराजवळच्या उपकेंद्रातून मिळावीत, ही त्या उपक्रमाची मुख्य सूत्रं होती. तज्ज्ञांनी आकडेवारी लावून जे ठरवलं, ते ताईंनी आपल्या रोजगाराचा हिशेब मांडून सांगितलं होतं.

प्रतिनिधी असावा तर असा. त्याला वैद्यकशास्त्र यायची गरज नाही. सेवा घेताना कुठे ठेच लागते हे त्याला स्वतःला माहीत असलं पाहिजे.

सांगलीने घालून दिलेला धडा

प्रतिनिधित्व म्हणजे काय, याचं मोठं उदाहरण आपल्याच सांगलीत आहे, आणि अनेकांना ते अवघडल्यासारखं वाटतं म्हणून त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एचआयव्हीची साथ आपल्याकडे पसरत होती. मी त्या काळात शिकत होतो. परिणामकारक औषधं नव्हती, वॉर्डात भीती होती, आणि शिक्षणात वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचा उल्लेख फक्त "संसर्ग पसरवणारा गट" म्हणून यायचा. १९९२ मध्ये मीना सेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'संग्राम' या संस्थेने सांगलीत या स्त्रियांसोबत काम सुरू केलं. गोकुळनगर वस्तीतल्या स्त्रियांनीच एकमेकींना माहिती द्यायची, निरोध वाटायचे, असा तो मार्ग होता. १९९६ मध्ये या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. 'व्हॅम्प' या नावाने ती जगभर ओळखली जाते.

यात डॉक्टर म्हणून मला काय दिसतं ते सांगतो. निरोध का वापरला जात नाही याचं आमचं उत्तर ठरलेलं होतं, अज्ञान. त्या स्त्रियांची उत्तरं वेगळी होती. गिऱ्हाईक दारू पिऊन येतं, जास्त पैसे देतो म्हणतं, पोलिसांचा धाक असतो, दवाखान्यात गेलं की अपमान होतो. यातली एकही गोष्ट माहितीपत्रक वाटून सुटणारी नाही. त्यासाठी एकजूट लागते, पोलिसांशी बोलावं लागतं आणि दवाखान्यातली वागणूक बदलावी लागते.

दुसरी गोष्ट क्रमाची आहे. आधी संघटना झाली, मग तिच्यातून बोलणाऱ्या स्त्रिया पुढे आल्या. समितीत खुर्ची मिळाल्यावर त्यांच्या पाठीशी शेकडो जणी होत्या, ज्यांना त्या विचारू शकत होत्या आणि ज्यांना उत्तर द्यायला बांधील होत्या. एकटीच उचलून आणलेली बाई बैठकीत शोभेची होते, मागे माणसं असलेली बाई प्रतिनिधी होते.

जगालाही हे त्याच सुमारास उमगत होतं. १ डिसेंबर १९९४ रोजी पॅरिसमध्ये ४२ देशांनी एक जाहीरनामा काढला आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांना धोरण ठरवताना सहभागी करून घेण्याचं तत्त्व मान्य केलं. २००२ मध्ये एड्स, टीबी आणि मलेरियासाठी जागतिक निधी उभा राहिला. त्याचे पैसे मागणाऱ्या देशात समन्वय समिती असावी लागते, तिच्यात आजाराने बाधित लोक असावे लागतात, आणि सरकारबाहेरच्या गटांचे प्रतिनिधी त्या त्या गटानेच, लेखी व उघड पद्धतीने निवडावे लागतात. भारतातही अशी समिती आहे.

हा शेवटचा नियम आपल्या गावालाही लागू करून पाहा. तुमचा प्रतिनिधी तुम्ही निवडला होता, की कुणीतरी फोनवर नाव सुचवलं आणि यादीत घातलं?

जे कुणाच्याच यादीत नसतात

दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णाकाठी येतात. उन्हाळा लागेपर्यंत ही माणसं आपल्या शिवारात कोपीत राहतात. त्यात गरोदर स्त्रिया असतात, लस चुकलेली बाळं असतात, टीबीचं औषध मध्येच राहिलेले पुरुष असतात. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा राज्याला त्यांच्या हालाची थोडी कल्पना आली.

आता गावच्या आरोग्य समितीकडे पाहा. या लोकांचं नाव त्यांच्या गावच्या समितीत असलं तरी ते सहा महिने तिथे नसतात. आपल्या गावच्या समितीत त्यांचं नाव असायचा प्रश्नच नाही, कारण ते "आपले" नव्हेत. कुणी म्हणेल, मुकादमाला बोलवा. पण मुकादमाचे पैसे त्यांच्या कामाच्या दिवसांवर अवलंबून असतात. आजारी बाईने दोन दिवस आराम करावा, असं तो समितीत कसं सांगेल? टोळीतल्याच एखाद्या बाईला हंगामापुरतं निमंत्रित म्हणून बोलवणं आणि बैठक अड्ड्यावर संध्याकाळी घेणं, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडेल. साथीचे आजार गावकरी आणि पाहुणे असा भेद करत नाहीत. कोपीतल्या बाळाची गोवरची लस चुकली तर त्याची झळ गावातल्या बाळांनाही लागू शकते.

हितसंबंध तपासा

गर्भलिंगनिदानाचा कायदा या बाबतीत फार शहाणा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वात आधी असा कायदा केला, १९९४ मध्ये तो देशाचा झाला. त्यातल्या सल्लागार समितीत आठ जण असतात. तीन वैद्यकीय तज्ज्ञ, एक कायदेतज्ज्ञ, माहिती विभागाचा एक अधिकारी आणि तीन सामाजिक कार्यकर्ते, ज्यात महिला संघटनेची किमान एक प्रतिनिधी हवी. लिंगनिदानाशी ज्याचा संबंध आला असेल अशा व्यक्तीला या समितीत घेता येत नाही. दोन बैठकांमध्ये ६० दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू नये असाही नियम आहे.

आपल्या जिल्ह्यांना या समितीची गरज किती होती? २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या १,००० मुलांमागे साताऱ्यात ८७८ मुली होत्या आणि सांगलीत ८५१. साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने बनावट गिऱ्हाईक पाठवून अनेक केंद्रं उघडी पाडली. तरीही २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका महिलेचा मृत्यू झाला आणि तपासात १९ भ्रूण पुरलेले सापडले. कायदा होता, समित्यांची तरतूद होती. म्हणजे कागदावरची समिती पुरत नाही. तिच्यात न घाबरता प्रश्न विचारणारं माणूस लागतं, आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याशी त्या माणसाचे व्यवहार असता कामा नयेत.

हेच सूत्र रुग्ण कल्याण समितीलाही लावा. दवाखान्याला औषधं, जेवण किंवा बांधकाम पुरवणारा माणूस, किंवा समोरच ज्याची लॅब आहे तो, कितीही भला असला तरी रुग्णांचा प्रतिनिधी असू नये.

चांगला प्रतिनिधी कसा ओळखाल?

* त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी ती सेवा स्वतः वापरलेली असते.
* बैठकीआधी तो लोकांना विचारतो. आशाताईला भेटतो, ओपीडीच्या रांगेत अर्धा तास बसतो, आणि एक-दोन नेमके प्रश्न लिहून नेतो.
* "सोयी नाहीत" असं मोघम बोलत नाही. "सोमवारी बाजार असतो, त्या दिवशी दुपारनंतर ड्रेसिंगला कुणी नसतं" असं सांगतो.
* ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का, हे पाहूनच सही करतो.
* बैठकीनंतर लोकांना काय ठरलं ते सांगतो. काम झालं नसेल तर तेही सांगतो.
* कुणाच्याही आजाराचं नाव चारचौघांत घेत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर संमतीशिवाय असं उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

समितीचीही काही जबाबदारी आहे. एकट्याच रुग्णाला दहा अधिकाऱ्यांत बसवलं तर तो गप्पच बसेल, म्हणून निदान दोघे हवेत. विषयपत्रिका चार दिवस आधी आणि सोप्या मराठीत हवी. बैठक अशा वेळी हवी की मजुराचा रोज बुडणार नाही, किंवा मग प्रवासखर्च आणि बुडालेला रोज देण्याची सोय हवी. अधिकाऱ्याला बैठकीचा भत्ता मिळतो आणि ताई पदरमोड करून येते, हे बरं दिसत नाही.

एक इशाराही

लोक मागतील ते सगळं योग्यच असतं असं मी म्हणत नाही. "आल्याबरोबर सलाईन लावलं पाहिजे", "गोळ्या नकोत, इंजेक्शन द्या" अशा मागण्याही समितीत येतात. साध्या थकव्याला सलाईन लावून उपयोग नसतो, आणि सर्दीला अ‍ॅन्टिबायोटिक देऊन नुकसानच होतं. कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरनेच ठरवावं. ते औषध कुठे, किती वाजता, किती दिवसांचं आणि कशा शब्दांत दिलं जावं, हे मात्र ते घेणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवू नये. ही सीमारेषा दोन्ही बाजूंनी पाळली तर भांडणं कमी होतात.

समिती म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही लक्षात ठेवा. डॉक्टरांची रिकामी पदं समितीच्या ठरावाने भरली जात नाहीत. पण लागोपाठ तीन बैठकांत तोच ठराव लेखी झाला, की वरच्या कार्यालयाला तो विषय टाळणं अवघड जातं. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, इतिवृत्तातली ओळ राहते. सरकारी दवाखान्यातल्या बहुतेक डॉक्टरांनाही असा प्रतिनिधी हवाच असतो. साठा अपुरा येतो हे त्यांनी वर कळवणं वेगळं आणि गावाने ठरावातून कळवणं वेगळं.

तुम्ही काय करू शकता?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास आपल्याकडे ग्रामसभा होतात. पुढच्या ग्रामसभेला जा आणि तीन प्रश्न विचारा. आपल्या आरोग्य समितीत कोण कोण आहे? शेवटची बैठक कधी झाली आणि काय ठरलं? निधी कशावर खर्च झाला? उत्तर मिळालं नाही तर इतिवृत्ताची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. कुणीतरी विचारतंय हे कळलं की बैठकीची तारीख आपोआप लागते.

आणि तुम्ही स्वतः शुगरचे किंवा बीपीचे जुने पेशंट असाल, टीबीतून बरे झाला असाल, घरातल्या कुणाचं डायलिसिस चालू असेल, तर समितीत यायला तुम्ही लायक आहात. "आम्हाला काय कळतंय त्यातलं" असं म्हणू नका. टीबी पेशंटच्या पोषणाचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० चे १,००० झाले, हे अधिकाऱ्यांना माहीत असतं. ते खात्यावर न आल्यावर बँकेत किती खेटे घालावे लागतात, हे तुम्हाला माहीत असतं. समितीला या दोन्ही गोष्टी कळायला हव्यात.

गोळ्या वेळेवर घेत राहा, आणि ग्रामसभेची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर बघून ठेवा.